पन्नाशीत मागचा हिशेब मांडणाऱ्या कास्तकार भावास

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कास्तकार भावांचं पत्र आलंय. वय ५१, सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. १९९४ साली डी.एड.ला नंबर लागत होता, पण वडिलांना लकवा मारला आणि थोरला म्हणून घरी राहावं लागलं. १९९९ साली लग्न झालं. वडील २००७ साली गेले, २००९ साली धाकट्या भावाशी वाटणी झाली, विहीर त्याच्या हिश्श्यात गेली आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही. मुलगी नर्स, मुलगा चाकणला कंपनीत. बायको ४६ वर्षांची, कामापुरतं बोलते. "रातच्याला झोप लागत नाही. सगळं डोळ्यासमोर येते आणि वाटते का आयुष्य फुकट गेलं. दुसरीकडे सोयरीक झाली असती, मास्तर झालो असतो, तर वेगळं असतं का? आता वावर विकून पोराकडं जाऊ का? आणि बायकोशी बोलू तरी काय?"

भाऊ, प्रश्न चार आहेत, पण सुरुवात तुम्ही झोपेपासून केलीत, म्हणून मीही तिथूनच करते.

मागचं आठवणं वेगळं आणि रात्री दोन-तीनला जाग येऊन तेच ते दळण दळत बसणं वेगळं. झोप, भूक आणि कामातलं मन दोन आठवड्यांहून जास्त दिवस उडालेलं असेल, तर तो आजार असू शकतो, आणि आजारात मांडलेला हिशेब कायम तोट्याचाच निघतो. वर्धा-यवतमाळ भागात घराघरांतल्या भांडणांचं आणि अबोल्याचं समुपदेशन करत माझे केस पिकले. 'मन उदास आहे' असं म्हणत आलेला पुरुष मला क्वचितच भेटला. तो म्हणतो, "डोकं जड रायते", "पाठ धरते", "अंगात कसच नाही". लेकरांवर खेकसतो, संध्याकाळी क्वार्टर लावतो. (वर्धा जिल्हा कागदावर कित्येक दशकं कोरडा आहे. क्वार्टर तिथंही लागते.) तेव्हा आधी शुगर, बीपी, थायरॉईड तपासून घ्या आणि जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात एकदा जाऊन या. तेवढं जाणं होत नसेल तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर लावा. सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, आणि मराठीत बोलता येतं.

'माझ्याशिवाय यांचं बरं चालेल' असा विचार एकदाही येऊन गेला असेल, तर हे पत्र पुरतं वाचायच्या आधी तो नंबर लावा. आणि विचार आलेला असो-नसो, फवारणीचं औषध घरात ठेवू नका. ढोरांच्या कोठ्यात कुलूपबंद पेटीत ठेवा आणि किल्ली वहिनींकडे द्या. हे मी प्रत्येक घरात सांगते. तो वाईट क्षण बहुतेक वेळा टळून जातो, फक्त त्या क्षणी डबा हाताशी नसला पाहिजे.

आता हिशेबाकडे. इथल्या बहुतेक पुरुषांच्या बोलण्यात मला एक खोड दिसते, ती तुमच्याही पत्रात आहे. कापसानं ज्या सालात बुडवलं, त्या सालाच्या खात्यात बायको, भाऊ, लेकरं, सगळेच जमा करून टाकायचे. शेत तोट्यात गेलं म्हणून संसारही तोट्यात गेला, असा हा हिशेब. ही दोन खाती वेगळी आहेत, आणि शेतीच्या खात्यातसुद्धा किती ओळींपुढे तुमची सही आहे ते एकदा बघा.

कागद घ्या आणि सालं टाका. तुमचं लग्न झालं तेव्हा एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायची पद्धत, अखेरच्या घटका मोजत होती, चुकारा (कापसाचे पैसे) हप्त्याहप्त्यानं यायचा आणि तोवर किराणा उधारीवर. २००२ साली बोंडअळीला तोंड देणाऱ्या बीटी बियाण्याला परवानगी मिळाली, दोन-चार वर्षांत गावंच्या गावं त्या पाकिटावर गेली, तुम्हीही गेलात. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर करून गेले, त्यात तुमचा जिल्हा होता. २००८ ची केंद्राची कर्जमाफी आठवा. संपूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत. तुमचा सातबारा तेव्हा वाटणी न झालेला, १४ एकरांचा. १४ एकर कोरडवाहूत हाती काय येतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. पण कागदावर तुमचं घर मोठ्या शेतकऱ्यात गेलं आणि तुमच्या वाट्याला आलं ते '७५ टक्के भरा, मग २५ टक्के सूट'. पंचाहत्तर टक्के भरायला असते तर माफी कोणाला पाहिजे होती! तुम्ही लिहिलंय, "शेजाऱ्याचं माफ झालं, मीच कमनशिबी." त्यात नशिबाचं काही नव्हतं, सातबाऱ्यावरच्या आकड्याचं होतं. पुढे २०१७ ची गुलाबी बोंडअळी. त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन तुमच्या जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. आणि २०२२ च्या सुरुवातीला कापूस १० हजारांवर गेला, तेव्हा तुमचा कापूस आधीच विकून झालेला. घरात ठेवायला जागा नाही आणि देणेकरी दारात, मग कोण थांबतो?

तुमच्या हातात काहीच नव्हतं, असं मी म्हणत नाही. मुलीच्या साक्षगंधात पंगत वाढवण्यासाठी तुम्ही सावकाराकडून काढलेले पैसे तुमच्या हातातले होते. वाटणीच्या वेळी रागात विहिरीचं पाणी ठरवून न घेणं हेही तुमच्या हातातलं. तेवढ्या ओळी स्वतःच्या नावावर घ्या. बाकीच्या पावसाच्या, बाजाराच्या आणि दिल्ली-मुंबईच्या नावावर राहू द्या.

डी.एड.चं वेगळं आहे. इथे मी तुम्हाला 'मास्तरांचं तरी काय मोठं चाललंय' असं म्हणून समजूत काढणार नाही. २००० नंतर जे लागले ते शिक्षणसेवक म्हणून ३,००० रुपयांवर राबले आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हे खरं. पण तुम्ही १९९६-९७ मध्ये लागला असता. तुमचा जो सोबती लागला, त्याला पेन्शन मिळणार, आणि तुम्हाला ६० व्या वर्षीही डवरा धरावा लागणार. हे नुकसान खरंच झालं. त्याचं दुःख करा, मोकळेपणी करा. फक्त त्याच दमात वहिनींना त्यात ओढू नका. तुमचा डी.एड.चा नंबर गेला तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या, कुठल्यातरी गावात शाळेत जात होत्या.

आणि 'दुसरीकडे सोयरीक झाली असती तर' हा प्रश्न दोन्हीकडून विचारावा लागतो. १९९९ सालचं पाहणं कसं होतं, आठवा. पोहे, चहा, नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का. त्या दिवशी तुम्हाला निदान 'पसंत आहे का' असं विचारलं असेल. त्यांना विचारलं का? चाळिशी-पन्नाशीत हा प्रश्न बायकांनाही पडतो. त्या तो आपसात वेचणीच्या ओळीत बोलतात, आणि जेवढं मोकळं बोलतात तेवढं ऐकलं तर पुरुष मंडळी वावरात जायची बंद होतील.

माझ्यासमोरचं एक जोडपं सांगते. नावगाव सोडा, वय तुमच्याच आसपास. त्यांच्या ओसरीत बसलो होतो. मी दोघांना एकच साल दिलं, २०१७, आणि म्हटलं, या साली घरात काय झालं ते आधी तुम्ही सांगा, मग तुम्ही. नवरा एका वाक्यात मोकळा झाला. "त्या साली बोंडअळीनं खाल्लं, तुरीवर भागलं, पोराची पॉलिटेक्निकची फी तुरीतून भरली." बाई सुपात निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तूर ढेपवाल्याची उधारी फेडाले गेली. फी म्या भरली." बचत गटातून कर्ज काढलं होतं तिनं. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो पुन्हा सावकाराकडे गेला असता, म्हणून सांगितलं नाही. ते फेडलं शेजारच्या गावात रोजीनं जाऊन. घरी सांगायची, जावेच्या वावरात इर्जिकीनं, म्हणजे पैसे न घेता मदतीला, निंदायला जाते. दीड वर्ष.

मला वाटलं नवऱ्याचा ऊर भरून येईल. तसं काही झालं नाही. तो चिडला. "मले कावून नाही सांगतलं? गावात माही काय इज्जत रायली?" चहा तसाच टाकून बैल सोडायला निघून गेला. बाई मला म्हणाली, "पाह्यलं ना ताई? म्हणूनच नव्हतं सांगत." पुढे बऱ्याच दिवसांनी तो स्वतः आला तेव्हा त्यानं एकच गोष्ट विचारली, रोजी त्या वेळी किती होती. त्याला आकडा हवा होता. कास्तकार आहे, आकड्यातून त्याला ते दीड वर्ष कळलं. त्यांचं फार गुळपीठ झालं असं नाही, पण आता बचत गटाचं पुस्तक घरात उघड्यावर असतं.

हे लांबण लावलं त्याला कारण आहे. तुमचा हिशेब तुम्ही एकट्यानं, रात्री, अर्ध्याच कागदावर मांडलाय. दुसरा अर्धा कागद वहिनींकडे आहे. तो बघितल्याशिवाय 'फुकट गेलं' हा शेरा मारायचा अधिकार तुम्हाला नाही, आणि त्यांनाही नाही.

वहिनींच्या न बोलण्याबद्दल एक साधी गोष्ट, जी पुरुषांच्या ध्यानातच येत नाही. भारतात बाईची पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते, आणि त्याच्या आधीची काही वर्षं शरीर हलवून टाकणारी असतात. अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं जाग येते, सांधे धरतात, चिडचिड होते, अंगाला हात लावलेला नको होतो. त्यात इथल्या बायकांचं रक्त मुळातच कमी. तुम्ही ज्याला तुमच्यावरचा राग समजता, त्यातला काही भाग झोप न झालेल्या बाईचा असेल. म्हणजे एका खोलीत दोघं जागे आणि दोघांना वाटतं दुसरा झोपलाय! त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा, हिमोग्लोबिन बघा. अंगावरून जास्त जात असेल किंवा पाळी बंद झाल्यावर वर्षभरानं पुन्हा रक्त दिसलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवाच. आणि कोणी पहिल्याच भेटीत 'पिशवी काढून टाका' म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. पिशवी काढून आलेल्या, पस्तिशीतच म्हाताऱ्या झालेल्या बाया मी या भागात बऱ्याच पाहिल्या आहेत.

भावाबद्दल तुम्ही पानभर लिहिलंय आणि बहिणीबद्दल एक ओळ, "बहिणीनं हक्कसोड करून दिलं." त्या ओळीवर थांबा जरा. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि वडील त्या तारखेला हयात असोत-नसोत तो राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलंय. तुमची वाटणी २००९ ची. म्हणजे १४ एकरांत बहिणीचा पुरा हिस्सा होता आणि तिनं तो सोडला. तुमच्या यादीत भावानं काय घेतलं ते अगदी विहिरीपर्यंत लिहिलंय, बहिणीनं काय दिलं ते कुठेच नाही. जमेची बाजू अशी राहून जाते. भावाशी बोलायचं असेल तर मला वाटतं तिच्याच घरी बोला, भाऊबीजेला दोघंही जाताच. पाण्याचा विषय काढू नका पहिल्या भेटीत. ढोरांचं बोला, पोरांचं बोला.

सातबाऱ्याचा विषय निघालाच आहे तर हेही. वहिनींचं नाव तुमच्या सातबाऱ्यावर आहे का? नसेल, बहुतेकांच्या नसतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचं काम हाती घेतलं, आणि विदर्भातल्या गावागावांत पुरुषांनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा केला. नंतर १९९२ मध्ये शासनानंच लक्ष्मीमुक्ती योजना काढली. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज द्यायचा आणि बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तुमच्या वडिलांच्या पिढीनं हे ऐकलेलं आहे. नाव नसलेली बाई आयुष्यभर वावरात राबली तरी पीककर्जाला आणि अनुदानाला कास्तकार ठरत नाही, आणि नवरा गेल्यावर वारसनोंदीसाठी तिला दारोदार फिरावं लागतं. हा अर्ज 'तुझ्यासाठी केलं बघ' म्हणून कागद हातात ठेवण्यासाठी करू नका. आधी विचारा. काही बायका नको म्हणतात, सासर-माहेरच्या बोलण्याला भितात. नको म्हणाल्या तर थांबा, पण विचारल्याचं त्यांच्या लक्षात राहील.

बोलायचं कसं, हे तुम्ही सरळच विचारलंय, तर सरळच सांगते. रात्री नाही. घेतलेली असताना तर मुळीच नाही. समोरासमोर बसून 'आपल्याला बोलायचं आहे' असं तर नकोच, पंचायत बसल्यासारखं वाटतं आणि बाई गप्पच होते. वावरात जाता-येता किंवा वेचणीत, हात कामात असताना बोला. 'तू सुखी आहेस का' असलं काही विचारू नका, त्याला उत्तर नसतं. बारीक, ठोस विचारा. पोरगी पोटात असताना शेवटपर्यंत कामाला जात होतीस का? बाबा लकव्यात होते तेव्हा त्यांचं सगळं तूच करत होतीस, रात्री कितीदा उठावं लागायचं? वाटणी झाली त्या दिवशी तुला काय वाटलं होतं? एका दिवशी एकच. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारू नका. कदाचित आठ दिवसांनी चूल पेटवता पेटवता येईल. आणि उत्तर कडू आलं, तर तुमची यादी बाहेर काढू नका. "तूही तर" हे दोन शब्द तोंडातून निघाले की पुढचं सहा महिने काही निघत नाही.

त्यांना माझ्यासारख्या कोणाकडे घेऊन यायचं असेल, तर पहिल्यांदा एकट्या येऊ द्या. नवरा बाहेर बाकावर बसलेला असला तरी बाई आत अर्धंच बोलते. पंचायत समितीच्या गावी किंवा पोलिस ठाण्याच्या आवारात बहुतेक ठिकाणी महिला समुपदेशन केंद्र असतं. तिथं फक्त मारझोडीचीच प्रकरणं जातात हा गैरसमज आहे.

राहिलं वावर विकणं. आत्ता नको. रात्र रात्र जागणाऱ्या माणसानं सौदा करू नये, त्याला कोणीही भाव पाडून देतो. चाकणला पोराची खोली एवढीशी, त्यात उद्या त्याचं लग्न. तिथे तुम्ही सकाळी आठला करणार काय, याचा विचार केलाय का? इथे निदान धुऱ्यावर उभं राहता येतं. शिवाय एक कायद्याची बाजू आहे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आपण शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. सातही एकर विकले आणि वर्षभरानं परत यावंसं वाटलं, तर दार अवघड होऊन बसतं. जायचंच असेल तर एक हंगाम वावर मक्त्यानं द्या, लिहून द्या, नुसतं तोंडी नको, आणि दोघं चार महिने राहून या. वहिनींना जायचं आहे की नाही, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

मघाशी सांगितलेला वाटणीच्या दिवसाचा प्रश्न मग मागे राहू द्या, त्यांना जायचं आहे का, हेच आधी विचारा. इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घेतला नसेल तर तूर निघेपर्यंत कोणाकडून घेऊ नका. घेतला असेल तर पावती घेऊन तालुक्याच्या वकिलाकडे याच आठवड्यात जा, खरेदीखत व्हायच्या आत बरंच काही करता येतं.